हाताने लिहायला लागले आणि ऐकलेलं लक्षात राहू लागलं

हिरवीशाई

नमस्कार मंडळी,

आईच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार गेल्या वर्षभरात वाढला. छापील अक्षर आता तिला दिसत नाही. मनाचे श्लोक ती रोज पहाटे म्हणते. बरेचसे पाठ आहेत, पण मधेच दुवा निसटतो आणि मग ती अस्वस्थ होते. फोनवर अक्षर मोठं करून दाखवलं, तर ओळ अर्धी पडद्याबाहेर जाते. शिवाय देवासमोर बसल्यावर तिला हातात फोन नको असतो. एक दिवस म्हणाली, "तूच लिहून दे ना मोठ्या अक्षरात. तुझं अक्षर किती छान होतं."

त्यातलं 'होतं' मला लागलं. चौथीपासून दहावीपर्यंत वर्गाचा सुविचार फळ्यावर मीच लिहायचे. पण गेल्या बारा-तेरा वर्षांत सही सोडून हाताने काही लिहिल्याचं आठवत नव्हतं. वाणसामानाची यादीसुद्धा फोनमध्ये.

वही आणली आणि पहिल्या बैठकीत चार श्लोक लिहिले. अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखायला लागलं की पेन ठेवून द्यावं लागलं. अक्षर पहिल्या ओळीत एका मापाचं, चौथ्या ओळीत दुसऱ्याच, आणि वेलांट्या कलंडलेल्या. सगळ्यात धक्का बसला तो 'ल' पाहून. शाळेत आम्हाला दोन पाकळ्यांचा ल शिकवला होता. कागदावर उतरला तो फोनमध्ये दिसतो तसा, उभ्या दंडाचा. माझ्या हाताने माझं अक्षर सोडून पडद्यावरचं कधी उचललं, मला कळलंही नाही.

आता दुसरी गोष्ट. टाळेबंदीपासून मला रात्री जेवणानंतर एखादं चांगलं भाषण ऐकायची सवय लागली आहे. टेड या व्यासपीठावरची छोटी भाषणं, विद्यापीठांतली दीक्षान्त भाषणं, मराठी व्याख्यानमालांची ध्वनिचित्रमुद्रणं. चार-साडेचार वर्षांत शेकड्यांनी ऐकली असतील. ऐकताना भारावून जायचे, बहिणीला दुवा पाठवायचे. पण आठवड्याने तिने "काय होतं गं त्यात?" विचारलं की दोन वाक्यांपलीकडे सांगता यायचं नाही.

श्लोक लिहायला घेतल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री वही उघडीच होती आणि समोर ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सचं स्टॅनफर्ड विद्यापीठातलं २००५ चं भाषण लावलं होतं. तेच, ज्यात तो सांगतो की रीड कॉलेज सोडल्यावरही तो तिथल्या सुलेखनाच्या वर्गाला जाऊन बसायचा, आणि दहा वर्षांनी मॅकिंटॉश संगणक करताना त्यातलं सगळं उपयोगी पडलं. हे भाषण मी आधी तीनदा तरी ऐकलं असेल. त्या दिवशी ऐकता ऐकता सहज लिहीत गेले. हात बोलण्याच्या वेगाला पुरत नाही, त्यामुळे प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं की यातलं काय घ्यायचं. पंधरा मिनिटांनी वहीत नऊ ओळी होत्या. आज दोन महिन्यांनी त्या नऊच्या नऊ मला न बघता सांगता येतात.

तेव्हापासून हाच नेम केला आहे. भाषण मधे थांबवायचं नाही, हाताला सापडेल तेवढंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाषण पुन्हा न लावता वही वाचायची आणि राहिलेलं आठवेल तसं समासात भरायचं. रँडी पॉश या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाचं कार्नेगी मेलनमधलं १८ सप्टेंबर २००७ चं व्याख्यान असंच परत ऐकलं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आपण फार दिवसांचे सोबती नाही हे त्यांना माहीत होतं. पुढच्या जुलैत ते गेले. व्याख्यानाच्या अगदी शेवटी ते सांगतात की हे सगळं बोलणं खरं तर आपल्या तीन मुलांसाठी होतं. आधी दोनदा ऐकूनही हा शेवट माझ्या मनात उरला नव्हता. या वेळी तो लिहिला, आणि आईच्या वहीकडे नजर गेली.

तुमच्यापैकी कोणी पुन्हा हाताने लिहायला लागलं आहे का? हात दुखू नये म्हणून काय करता? आणि वही घेऊन बसावं अशी कुठली भाषणं सुचवाल?

गुरुजी_निवृत्त

ताई, तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावर होतो, म्हणून अधिकाराने लिहितो.

हात दुखतो तो दाबामुळे. बॉलपेन दाबल्याशिवाय उमटत नाही, आणि सवय मोडलेला माणूस गरजेच्या दुप्पट दाबतो. शाईपेनाला दाब लागत नाही, शाई कागद आपणच ओढून घेतो. पेन अंगठा आणि तर्जनीत हलकं धरा, खाली मधल्या बोटाचा आधार. मनगट कागदावर रोवून नुसती बोटं हलवू नका, कोपरापासून हात सरकू द्या. आणि एका बैठकीत चारच श्लोक लिहा. दुखायच्या आत थांबायचं.

दुरेघी वही घ्या. आधी आठ दिवस श्लोक बाजूला ठेवून नुसती अक्षरं गिरवा, तीही मुळाक्षरांच्या क्रमाने नव्हे. ग, म, भ, न एकत्र, कारण काना एकच. व, ब, क एकत्र, कारण गोल एकच. र, स एकत्र. आम्ही पोरांना असंच शिकवलं. एक वळण बसलं की त्याच्या घरातली चार अक्षरं आपोआप सुधारतात. शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगळी काढू नका. शब्द पूर्ण करा आणि मग एका दमात ओढा. ओळ सरळ दिसायला लागते.

आणखी एक. तुम्ही समर्थांचेच श्लोक लिहिताय म्हणून सांगावंसं वाटतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, तो जरूर वाचा. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, शाई काळी कुळकुळीत असावी, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात असं त्यात आहे. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहावं, सगळं एकाच टाकाने लिहिलंय असं वाटावं. भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर झडत नाही. आणि तुमच्या आईंसाठी म्हणूनच सांगितल्यासारखं एक आहे: तरुणपणी काढलेलं बारीक अक्षर म्हातारपणी कामाचं नाही, म्हणून मध्यम आकाराचं लिहावं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा इतका विचार केला होता. वर्गात दर वर्षी सांगायचो आणि दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा.

हिरवीशाई

गुरुजी, समास आजच काढून वाचला. मी समास सोडलाच नव्हता, कडेपर्यंत लिहीत होते. आता पहिली चौदा पानं पुन्हा लिहिणार. मनापासून आभार.

चौथंवर्ष_पुणे

छान विषय. मी अभियांत्रिकीला आहे. आमच्या वर्गात बहुतेक सगळे लॅपटॉपवर टिपणं काढतात. ताईंनी जे सांगितलं त्यावर एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे, आणि गंमत म्हणजे तो टेडच्या भाषणांवरच झाला होता. म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा शोधनिबंध. प्रिन्स्टनच्या ६७ विद्यार्थ्यांना टेडची भाषणं दाखवली. काहींना लॅपटॉप दिला, काहींना वही. अर्ध्या तासाने प्रश्न विचारले. माहितीच्या प्रश्नांत दोघे सारखेच ठरले, पण 'का' आणि 'कसं' विचारल्यावर वहीवाले पुढे होते. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त टिपले होते, पण जवळजवळ ऐकले तसेच. म्हणजे मजकूर कानातून शिरून बोटांतून बाहेर पडला, मधे थांबलाच नाही.

नॉर्वेतही २०२४ च्या सुरुवातीला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडची टोपी चढवून मेंदूच्या लहरी मोजल्या. डिजिटल पेनाने हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जितके जोडलेले दिसले, तितके कळफलकावर टंकन करताना दिसले नाहीत.

तळटीप

चौथंवर्ष, माहिती बरोबर आहे, पण पुढचा भागही यायला हवा. २०१४ चा प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावृत्तीत लॅपटॉपवाले जास्त आणि शब्दशः लिहितात एवढं पुन्हा दिसलं, पण प्रश्नोत्तरांत वहीवाले सरस ठरल्याचं दिसलं नाही. नॉर्वेच्या अभ्यासात विद्यार्थी सुटे शब्द लिहीत होते आणि टंकन एकाच बोटाने करत होते. त्यावरून व्याख्यान ऐकण्याबद्दल फार काही काढता येत नाही.

मी स्वतः वहीच वापरते, रोज. पण हिरवीशाईताईंना फायदा झाला त्यात सकाळी भाषण न लावता आठवून समासात भरण्याचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. न बघता आठवून पाहिलं की लक्षात राहतं, हे मानसशास्त्रात बऱ्याच भक्कमपणे सिद्ध झालेलं आहे. ज्यांना वही जमत नाही त्यांनी निदान तेवढं करावं.

चौथंवर्ष_पुणे

हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. सकाळचा भाग आजपासून करून बघतो.

मोडीवेडा

माझी गोष्ट वेगळ्या वाटेने आली, पण येऊन पोचली इथेच.

पणजोबांचं एक खरेदीखत घरात होतं, मोडीतलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, आजोबांना यायचं पण ते लवकर गेले. १९५० च्या दशकात शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपलेच कागद आपल्याला परके झाले. २०२० मध्ये घरी बसलो असताना मोडीचे ऑनलाइन वर्ग सुरू असल्याचं कळलं. नाव घातलं.

पहिल्या आठवड्यात मी नुसता बघत होतो. शिकवणाऱ्या बाईंचा हात पडद्यावर दिसायचा, सगळं समजतंय असं वाटायचं. कागद समोर आला की एक अक्षर लागेना. बाई म्हणाल्या, मोडी डोळ्यांनी वाचता येत नाही, आधी हाताने वाचावी लागते. बोरू करून घ्या. बांबूचा बोरू तासला, टोकाला तिरका काप दिला, दौत आणली. मोडीत शिरोरेघ आधी, पानभर, आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरांमागून अक्षरं. तीन आठवडे तसं लिहिल्यावर एके दिवशी खरेदीखतातली एक ओळ अचानक सुटली, कारण त्या लेखकाचा हात कुठून कुठे वळला असेल ते माझ्या हाताला कळलं. विहिरीतला चौथा हिस्सा आणि बांधावरचे दोन आंबे. आंबे आता नाहीत. विहीर आहे.

भाषण सुचवायचं तर सुलेखनकार अच्युत पालवांची प्रात्यक्षिकं बघा. मुंबईच्या जे. जे. या कलाशिक्षण संस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांनी मोडीवरच अभ्यास केला होता. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा हात चालताना पाहिला की अक्षर ही हालचाल आहे हे कळतं.

उजवाहात

सगळं वाचलं. एक वेगळी बाजू मांडतो, कोणी वाईट वाटून घेऊ नये.

तीन वर्षांपूर्वी मला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. आता थोडा उचलता येतो, पण पेन धरता येत नाही. पहिले आठ महिने मला वाटत होतं की माझं लिहिणं संपलं. मग पुतण्याने फोनमध्ये मराठीत बोलून लिहायची सोय सुरू करून दिली. हा प्रतिसादही तसाच लिहितोय. जोडाक्षरं चुकतात, ती डाव्या अंगठ्याने दुरुस्त करतो. या सोयीने मला माझी भाषा परत दिली. म्हणून हाताने लिहिणाराच खरा विचार करतो असा सूर लागला की मनाला लागतं. इथे कोणी तसं म्हटलेलं नाही, पण बाहेर पुष्कळ ऐकतो.

भाषण मीही सुचवतो. जिल बोल्ट टेलर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंचं, टेडवर २००८ चं. १९९६ च्या डिसेंबरात त्यांना स्वतःलाच मेंदूत रक्तस्राव झाला आणि आतून काय काय बंद पडत गेलं ते त्या सांगतात. पूर्ण बरं व्हायला आठ वर्षं लागली. रुग्णालयातून घरी आल्यावर मला कोणीही इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी ते भाषण चार रात्री लागोपाठ ऐकलं.

डाव्या हाताने सही शिकलो. बँकेत नवा नमुना द्यायला गेलो तेव्हा तीन हेलपाटे घालावे लागले, पण दिला.

हिरवीशाई

उजवाहात दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या पहिल्या लेखात हा विचार नव्हता, असायला हवा होता. जिल बोल्ट टेलर यांचं भाषण आज रात्री लावते. आठवलेलं बोलून ठेवणं हेही तळटीप म्हणतात त्याच प्रकारचं काम आहे ना? तुम्ही ऐकल्यावर तसं करता का?

उजवाहात

करतो. भाषण संपलं की बायकोला सांगतो. ती प्रश्न विचारते. तिच्या प्रश्नांना उत्तर देता आलं नाही की परत ऐकतो.

खिळेजुळारी

ल बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझं अर्धं आयुष्य छापखान्यात गेलं, आधी शिशाचे खिळे जुळवण्यात आणि नंतर संगणकावर.

ताई, तुमच्या हाताचा दोष नाही. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं आहेत, २००९ च्या शासननिर्णयातही ती तशीच दिली आहेत. पण संगणकावर आणि फोनवर मराठी-हिंदीला अक्षरांचे सांकेतिक क्रमांक एकच आहेत, आणि बहुतेक ठिकाणी आधी दिसतं ते हिंदी वळण. काही फाँटांत मराठी वळणही आत दडलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली तरच ते बाहेर येतं. दिवसभर जे डोळ्यांपुढे, तेच हातात उतरणार. पाकळीचा ल रोज एक ओळ लिहा, पंधरा दिवसांत परत येईल.

जॉब्सच्या सुलेखनाच्या वर्गाची गोष्ट वर आली आहे. त्याला तिथे शिकवणारे रॉबर्ट पॅलाडिनो हे आधी ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचे साधू होते. म्हणजे मठातल्या लेखणीपासून संगणकापर्यंत एकच धागा जातो. तसाच धागा आपल्याकडेही आहे आणि तो आपण फार कमी सांगतो. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फाँट वाचला तो र. कृ. जोशींनी केला. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. पालवांनी मोडीचा अभ्यास केला तोही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. २००८ मध्ये ते गेले. आपल्या ईमेलमधलं, सरकारी परिपत्रकातलं अक्षर हेही शेवटी एका मराठी माणसाच्या हातातून आलेलं आहे. मला याचा अभिमान वाटतो, आणि शाळेतल्या मुलांना हे कोणी सांगत नाही याचं दुःखही होतं.

रविवारची_शाळा

मी कॅलिफोर्नियात बे एरियात राहते. इथे रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत शिकवते. आमची मुलं बोलतात छान, वाचतात अडखळत, आणि लिहायला सांगितलं की डोळ्यांत पाणी. "कशाला, टाइप करू ना?" हा प्रश्न दर वर्षी येतो.

आता उत्तर द्यायला एक नवीन आधार मिळाला आहे. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी २०२४ पासून पहिली ते सहावीच्या मुलांना शाळेत जोडून लिहायचं इंग्रजी वळण पुन्हा शिकवायला लागले. माझ्या वर्गातली आठ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "इंग्लिशमध्ये अक्षरं हात धरतात, मराठीत ती दोरीवर लटकतात." मी ते लगेच फळ्यावर लिहिलं.

गुरुजींची ग-म-भ-न ची युक्ती येत्या रविवारी करून बघणार आहे. आम्ही आजवर अ-आ-इ पासूनच सुरू करत होतो, आणि 'इ' लाच मुलं हरायची.

गुरुजी_निवृत्त

बाई, 'इ' शेवटी ठेवा. आधी 'र' पक्का होऊ द्या. आणि मुलांना वाळूत किंवा रव्याच्या ताटात बोटाने काढायला लावा, पेन्सिल नंतर. त्या मुलीचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

नाशिकची_अनु

मॅट कट्स यांचं टेडवरचं २०११ चं भाषण जेमतेम तीन मिनिटांचं आहे. हवी ती एक गोष्ट तीस दिवस करून बघा, एवढंच सांगणं. मी तीस दिवस रोज एक पोस्टकार्ड लिहिलं. पन्नास पैशांना मिळतं अजून. अकराव्या दिवशी कोणाला लिहावं तेच सुचेना, तेव्हा माझ्या जुन्या शेजारीण मावशींना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, थरथरत्या अक्षरात सहा ओळी. त्यांच्या कॉलनीत पोस्टमनने दार वाजवून कार्ड हातात दिलं, एवढंच त्यांनी तीनदा लिहिलं होतं.

आणि अरविंद गुप्तांचं कचऱ्यातून खेळणी करण्याचं भाषण कुणी सुचवलं कसं नाही! ते ऐकताना वही नको, कात्री आणि वर्तमानपत्र घेऊन बसा. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत.

हिरवीशाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सुचवलेली भाषणं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

घरची बातमी सांगते. गुरुजींच्या सांगण्यावरून पेन बदललं. आईच्या वहीसाठी रुंद निबेचं शाईपेन, काळी कॅमल शाई आणि चकाकी नसलेला जाड पिवळसर कागद. एका पानावर एकच श्लोक, चारी बाजूंनी दोन बोटं जागा. २०५ श्लोक म्हणजे २०५ पानं, म्हणून तीन वह्या होतील. हात आता दुखत नाही. रोज चारच.

काल पहाटे आईने पहिली वही उघडली. मी दारात उभी होते. ती पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन, मान थोडी तिरकी करून वाचते. पडद्याच्या मधोमध दिसत नाही, कडेने दिसतं. अठ्ठाविसाव्या श्लोकापर्यंत न अडखळता गेली. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "हा ल तुझा आहे. आधीचे दुसऱ्या कोणाचे होते का?"

आज एकोणतीस ते बत्तीस.